स्कीवाल्याला ओढायचं तर: कोकण किनाऱ्यावर नव्याने बोट हातात घेणाऱ्यांसाठी

तारकर्लीला सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पाण्यावर स्कीवर उभं राहायला किती दिवस लागतात? पडलं की लागतं का? फोटो कोण काढणार? बोट कोण चालवणार आणि मागे कोण बघणार, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

१९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा दोन फळ्यांवर पहिल्यांदा उभा राहिला. बोटीवर त्याचा भाऊ बेन होता. राल्फचं नाव जगभर झालं, बेन मात्र कुणाला माहीत नाही. हा लेख बेनच्या जागी बसणाऱ्यांसाठी, म्हणजे स्कीवाल्याला दोराने मागे ओढणारी बोट चालवणाऱ्यांसाठी आहे. दोन स्कीवर उभं राहणं धडपड्या माणसाला दोन सकाळींत जमतं. ओढणं शिकायला एक अख्खा हंगाम द्यावा लागतो.

आधी पंचांग, मग पेट्रोल

पावसाळ्यात, म्हणजे साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. ही बंदी कागदापुरती समजू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात दर्या तासाभरात रंग पालटतो. शिकायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा.

दिवसातली वेळ सकाळी सात ते दहा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी तेल ओतल्यासारखं शांत असतं. अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारी पाण्यावर पांढऱ्या टोप्या दिसू लागतात. त्या दिसल्या की शिकवणी बंद. आमच्या शेजारचे आबा, ज्यांनी चाळीसेक वर्षं मासेमारी केली, ओसरीवर बसूनच सांगतात, "वारो सुटलो रे, आता जाव नको." हवामानाचं अ‍ॅप मी बघतोच, पण आबांनाही विचारतो.

आता भरती. खाडीत शिकवायचं तर चढत्या भरतीत शिकवा. कारण सोपं आहे: पडलेला माणूस आणि बंद पडलेली बोट दोन्ही पाण्याबरोबर वाहतात. भरतीत ती खाडीच्या आत, शांत पाण्याकडे जातात. ओहोटीत ती मुखाकडे ओढली जातात, आणि कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला ओहोटीचा ओढ समोरून येणाऱ्या लाटांना भिडतो तेव्हा तिथलं पाणी कसं उकळतं ते एकदा किनाऱ्यावरून बघून या. भरतीत बुडालेले वाळूचे उंचवटेही ओहोटीत वर येतात, आणि स्कीवाल्याला तर निदान दीड-दोन मीटर खोली हवीच.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, म्हणजे त्या वेळी पूर्ण भरती. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला जास्त नीट बसतो, दक्षिणेकडे वेळ थोडी पुढेमागे होते, म्हणून शेवटी आपल्या बंदराचं छापील भरतीचं कोष्टक बघायचंच. पण दिवस ठरवायला हिशेब झकास आहे. सकाळची शांत हवा आणि चढतं पाणी दोन्ही एकत्र हवं असेल तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस निघतात. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर शिकवणी चालते, ती त्यामुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र पाण्याला ओढ फार असतो. नवशिक्याने ते दिवस सोडून द्यावेत.

जागा

उघड्या समुद्रापेक्षा खाडी बरी, पण कुठलीही खाडी नाही. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी बघायला लोक तिकीट काढून जातात. तिथे पाण्यात पाय सोडून दोर ताणला जायची वाट बघत बसावं असं मला तरी वाटत नाही.

बोटीच्या दोन्ही बाजूंना निदान तीस-तीस मीटर मोकळं पाणी हवं आणि सरळ सहा-सातशे मीटरची धाव हवी. जेटी, नांगरलेल्या होड्या, खडप, पोहणारी माणसं यातलं काहीही त्या पट्ट्यात नको. आदल्या दिवशी ओहोटीला त्याच जागी जाऊन बघा, कारण भरतीत लपलेला खुंट ओहोटीत उघडा पडतो. आणि रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना, विचारा. सकाळी पुळणीवर रापण लागली असेल तर तो किनारा त्या दिवशी त्यांचा. खाडीत खुंटांना बांधलेली जाळी असतात, बाहेर थर्माकोलच्या तुकड्यांवर किंवा रिकाम्या बाटल्यांवर तरंगणारी जाळी असतात. मासेमारी करणाऱ्या होडीला वाट देणं हा समुद्रावरचा नियमच आहे, आणि आपल्याला तर रोज त्याच लोकांत राहायचं आहे.

पैसे घेऊन पर्यटकांना ओढायचं असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, बोटीची नोंदणी आणि विमा लागतो. आपल्या भागाच्या बंदर कार्यालयात जाऊन चौकशी करा. बोट चालवण्याचं रीतसर शिक्षण हवं असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पॉवरबोट हाताळणं आणि जीवरक्षण हे दोन्ही तिथे शिकवतात.

तीन माणसं, दोन नाहीत

माझ्या पहिल्या हंगामात बोटीत मी एकटा आणि मागे स्कीवर माझा भाचा. तो पहिल्यांदाच नीट उभा राहिला होता, म्हणून कौतुकाने मी मागे वळून बघितलं. फार तर चार सेकंद. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने बोट चार सेकंदांत तेहतीस मीटर जाते. पुढे वळलो तेव्हा थर्माकोलचे तुकडे बोटीखाली गेलेले होते आणि जाळं इंजिनाच्या पंख्यात. इंजिन जागच्या जागी बंद. दोर सैल झाला, भाचा पडला, ओहोटी लागलेली, आणि तो मुखाकडे सरकतोय हे मला दिसत होतं. एका होडीवाल्याने त्याला उचललं. जाळं आमच्याच वाडीतल्या माणसाचं होतं. त्याचे पैसे भरले, पण त्याने महिनाभर माझ्याकडे बघितलं नाही ते जास्त लागलं.

तेव्हापासून बोटीत दोघं असल्याशिवाय मी दोर बाहेर काढत नाही. चालवणारा फक्त पुढे बघतो. दुसरा पाठमोरा बसतो आणि फक्त मागे बघतो. आम्ही त्याला "मागचा" म्हणतो. स्कीवाला काय खूण करतोय, पडला का, दोर कुठे आहे, मागून कोणती बोट येतेय, हे तो मोठ्याने सांगत राहतो. चालवणाऱ्यासमोर आरसा असला तरी मागचा लागतोच. आरशात खुणा उलट्या दिसतात आणि अंतर कळत नाही. मागचा लहान मूल नसावा, त्याला पोहता यावं, आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. व्हिडिओ काढणारा हवा असेल तर चौथा माणूस घ्या.

बोटीवर कुणी प्यायलेलं नको. स्कीवालाही नाही, "फक्त एक बिअर"वालाही नाही. यावर मी वाद घालत नाही, चावी खिशात टाकतो.

सामान

लाइफ जॅकेट सगळ्यांना, बोटीतल्यांनाही. पण प्रवासी होडीत मिळणारं नाड्यांचं केशरी जॅकेट स्कीसाठी उपयोगाचं नाही. जोरात पडल्यावर ते वर सरकून तोंडावर येतं. अंगाबरोबर बसणारं, पट्टे आणि बकलांचं जॅकेट घ्या. तपासायची रीत: घातल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढायचं. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे.

पँटबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. वेगात पाठीवर किंवा बसकं पडलं की पाणी दाबाने शरीरात घुसून आतून इजा होऊ शकते, बायकांना जास्त. पातळ पोहण्याच्या कपड्यांवर स्की करू नका. निओप्रीनची, म्हणजे जाड रबरी कापडाची, आखूड पँट तरी घाला. संकोचापायी हे न बोलणारे शिक्षक मी बघितले आहेत.

दोर साधारण तेवीस मीटरचा, न ताणणारा आणि पाण्यावर तरंगणारा. नायलॉनचा नांगराचा दोर घेऊ नका. तो ताणला जातो आणि दोराच्या टोकाची धरायची मूठ हातातून सुटली की रबरासारखा परत बोटीवर येतो. दोर बोटीच्या मागच्या बाजूला बरोबर मध्ये बांधायचा. एका कडेच्या खुंटीला बांधला तर बोटीचा मागचा भाग सतत एकीकडे खेचला जातो. मागे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगलेलं, इंजिन असेल तर दोन कड्यांमधून घेतलेला इंग्रजी वाय अक्षरासारखा दोर किंवा मधला उंच खांब लागतो, म्हणजे दोर इंजिनाला घासत नाही. दोराला गाठी, विरलेले धागे दिसले तर तो नारळ बांधायला वापरा.

किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला लावायची. तो तोल जाऊन पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. ती बहुतेक बोटींवर असते आणि बहुतेक बोटींवर चावीच्या जुडग्यात लोंबकळत असते. बाकी सामान म्हणजे वल्हं, नांगर, शिट्टी, दोर कापायला धारदार सुरी, प्रथमोपचाराची पेटी, पाण्यापासून जपलेला मोबाइल. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन ११२ बोटीच्या आत रंगाने लिहून ठेवा. पेट्रोलचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. पेट्रोल भरताना माणसं खाली, इंजिन बंद.

आधी वाळूवर

पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास पुळणीवर. स्की पायात घाला, उकिडवे बसा, गुडघे छातीशी, हात सरळ, मूठ दोन्ही हातांत आणि बोटांचे सांधे वर. दुसऱ्याने दोर ओढायचा. तुम्ही उठायचं नाही, दोराने तुम्हाला उठवायचं. इथे आपल्या लोकांना फायदा आहे, कारण उकिडवं बसणं आपल्याला शिकवावं लागत नाही. चूक सगळ्यांची एकच असते: घाईने पाय ताठ करणं किंवा हात दुमडून मूठ छातीशी ओढणं. दोन्हींत माणूस पुढे किंवा मागे कोलमडतो.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. मनगटात अडकवायचा नाही. मान मुठीतून घालून उभं राहायचं नाही. आणि पडतोय असं वाटलं की मूठ सोडायची. हे मी दहा वेळा म्हणून घेतो, कारण पहिल्यांदा पडणारा माणूस मूठ घट्ट धरतो आणि खाडीचं निम्मं पाणी पिऊन येतो.

खुणाही वाळूवरच पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे वेग वाढव. अंगठा खाली म्हणजे कमी कर. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. डोक्यावर थापटी म्हणजे किनाऱ्याला चल. हात गळ्यावरून आडवा फिरवला की थांब. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले की मी बरा आहे. ही शेवटची खूण आली नाही तर स्कीवाला जखमी आहे असंच धरून चालायचं. अंगठा वरची खूण इतरत्र "मस्त" अशी असते, त्यामुळे नवा माणूस मजा येतेय म्हणून अंगठा दाखवतो आणि बोट पळते. दोन वेळा तरी म्हणून घ्या.

उठवणं आणि ओढणं

स्कीवाला पाण्यात, स्कीची टोकं पाण्याबाहेर, दोर दोन्ही स्कींच्या मधून. बोट अगदी मंद, दोराचा सैलपणा संपेपर्यंत. धक्का नको. मागचा सांगतो, "दोर ताठ." स्कीवाला ओरडतो, "चल!" त्याच्या आधी रेस द्यायची नाही, पाच मिनिटं लागली तरी.

मग सरळ रेषेत, ठाम पण सलग रेस. एकदम झटका दिला तर मूठ हातातून निसटते, फार हळू दिली तर तो बसल्या जागी पाणी फाडत राहतो आणि दमतो. मुलांना ताशी २० ते २५ किलोमीटर पुरतात, मोठ्यांना दोन स्कीवर ३० ते ३५. उभा राहिला की वेग स्थिर ठेवा. मागचा म्हणाला तरच बदला.

मार्ग डमरूसारखा: मधे सरळ धाव, दोन्ही टोकांना गोल वळण, परत त्याच रेषेतून. गोल गोल फिरत राहिलात तर त्याला सतत तुमच्याच लाटांवरून जावं लागतं. वळणावर एक लक्षात ठेवा, बाहेरच्या बाजूचा स्कीवाला बोटीपेक्षा वेगाने फेकला जातो. बोट जेटीपासून वीस मीटरवर असली तरी तो तिच्यावर आपटू शकतो. बनाना आणि ट्यूब, म्हणजे माणसं बसवून ओढायचे हवा भरलेले फुगे, यांवर हे अजून वाईट, कारण त्यांवर बसलेल्यांना दिशा वळवताच येत नाही. ट्यूबला स्कीचा दोरही चालत नाही, जाड आणि जास्त ताकदीचा लागतो. बनाना मुद्दाम उलटवून हशा मिळवणारे चालक किनाऱ्यावर कमी नाहीत. अशा बोटीवर पोरांना बसवू नका.

सकाळी पूर्वेकडे जाताना सूर्य थेट डोळ्यांत असतो, तेव्हा समोरची छोटी होडी दिसत नाही. धाव उत्तर-दक्षिण ठेवता आली तर बरं.

तो पडला

नवशिका पहिल्या तासात दहा-बारा वेळा पडणार. म्हणजे दहा-बारा वेळा तुम्ही एका माणसाकडे चालू पंखा घेऊन जाणार. सगळा धोका इथे आहे, उभं राहण्यात नाही.

मागचा ओरडतो, "पडला!" आणि हात लांब करून तो कुठे आहे ते दाखवत राहतो. तुम्ही वेग कमी करा. झटकन वळू नका, आधी दोन्ही बाजू बघा. ३५च्या वेगाने मागून येणारी दुसरी बोट शंभर मीटर दहा सेकंदांत कापते, आणि पाण्यातलं डोकं नारळाएवढंच दिसतं. म्हणून पडलेल्याने एक स्की उभी धरून पाण्याबाहेर काढायची.

मग संथ वळण घेऊन वाऱ्याच्या किंवा ओढीच्या विरुद्ध तोंड करून त्याच्याकडे या, जो जास्त असेल त्याच्या. म्हणजे बोट त्याच्या अंगावर वाहत जाणार नाही. तो कायम चालवणाऱ्याच्या बाजूला राहिला पाहिजे, चाक उजवीकडे असेल तर उजवीकडे, म्हणजे नजर सुटत नाही. परत ओढायचं असेल तर त्याच्याभोवती लांबून मंद चक्कर मारा, दोर आपोआप त्याच्या हाताशी येतो. बोटीत घ्यायचं असेल तर जवळ येण्याआधी इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. चावी फिरवून. पंख्याचे फेरे मिनिटाला ३२०० धरले तर तीन पाती सेकंदाला १६० वेळा फिरून जातात. न्यूट्रलमध्ये ठेवलेल्या बोटीत कुणाचा गुडघा गिअरला लागला, एवढं पुरतं.

रिव्हर्स घेऊन पडलेल्याकडे कधीही जायचं नाही. सुटा दोर पाण्यात असताना रिव्हर्स घेतला तर तो थेट पंख्यात गुंडाळतो. तसं झालं तर इंजिन बंद, चावी काढून हातात, नांगर टाका, मग सुरी.

हाताने खूण आली नाही, मान वाकडी दिसली, तो बोलत नाही, तर त्याला ओढून बोटीत घेऊ नका. पोहणारा माणूस पाण्यात उतरवा, डोकं आणि मान सरळ रेषेत धरून तरंगत ठेवायला सांगा, १५५४ आणि ११२ला फोन लावा. श्वास नसेल तर मात्र मानेचा विचार दुय्यम, लगेच बोटीत घेऊन श्वास द्यायला लागा.

दुसऱ्या बोटी

समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. उजव्या हाताने आडवी येणारी बोट असेल तर तिला वाट द्यायची. पुढच्या बोटीला ओलांडताना जबाबदारी ओलांडणाऱ्याची. पण मागे माणूस बांधलेला असताना हक्काचा विचार करू नका, सगळ्यांना वाट द्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेक माणसं गेली. दिवसाउजेडी, मोकळ्या पाण्यात. दुसऱ्या बोटीच्या मागून कधी जाऊ नका, तिचा स्कीवाला कधी पडेल सांगता येत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवासी होड्यांची ये-जा असते आणि तो भाग मालवणच्या सागरी अभयारण्याजवळ येतो. १९८७ सालापासूनचं हे अभयारण्य आहे. तिथे स्कीचा विचार सोडून द्या. डॉल्फिन दिसले तर बोट मंद करा. त्यांच्यामागे पळवत नेणाऱ्यांना मी मित्र मानत नाही.

परत आल्यावर

एका माणसाला पंधरा मिनिटं पुरे. हातांची पकड गेली की तो कसाही पडायला लागतो, आणि "एकदाच अजून" म्हणणारा नेमका तेव्हाच दमलेला असतो. दहा वाजले की मी किनाऱ्याकडे वळतो. जेटीला लागताना मूठ सोडून घसरत किनाऱ्याला यायचा दिमाख नको. स्कीवाल्याला खोल पाण्यातच बोटीत घ्या.

इंजिनातून गोडं पाणी दहा मिनिटं फिरवा, नाहीतर खार आत बसून पुढच्या हंगामात मेकॅनिकचं घर चालवावं लागेल. दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा, उन्हात धागे कुजतात. आमचा दोर आबांच्या ओसरीवर टांगलेला असतो. गेल्या आठवड्यात ते तो बोटांनी चाचपून म्हणाले, "ह्यो बदल रे, मधे दोन धागे गेले हत." मला ते दिसलेच नव्हते.